सीमाभागात गावच्या इतिहासाचं प्रदर्शन कसं भरवावं

आमचं पहिलं प्रदर्शन फसलं ते टेबलांमुळं. हॉलमध्ये चौदा टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलावर एका समाजाच्या नावाची पाटी. लोक आले, आपापल्या टेबलापाशी गेले, फोटो काढले, चहा घेतला आणि घरी गेले. शेजारच्या टेबलावर काय ठेवलंय हे बघायला फारसं कुणी वळलंच नाही. त्यात एक टेबल चपला काढायच्या कोपऱ्यालगत आलं होतं. जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या, पण ते कुणाकुणाला सांगत बसणार? त्या टेबलाचे एक वयस्क गृहस्थ दारातच थबकले आणि म्हणाले, "आमची जागा इथंच की ओ, आधीपासून." मला पुढं बोलायला तोंड उरलं नाही.

तेव्हापासून समाजवार मांडणी आम्ही बंद केली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात माणसं एकमेकांना ओळखतात ती कामातून, बाजारातून, उरुसा-जत्रेतून. प्रदर्शनही तसंच मांडायचं. एखादी वस्तू घ्यायची आणि ती कुणाकुणाच्या हातातून गेली ते दाखवायचं. खालचं सगळं त्या एका धड्यातून आणि पुढच्या चार-पाच खेपांतल्या चुकांतून आलेलं आहे. वाचनालय, तरुण मंडळ, शाळा, महिला मंडळ यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. ज्यांच्याकडं पगारी क्युरेटर आहे त्यांनी दुसरीकडं बघावं.

आधी तारीख

जागेच्या आधी तारीख ठरवा. जून ते सप्टेंबर विसरून जा. खानापूरकडच्या पावसात कागदाला बुरशी येते आणि कापड ओलं न होताच ओलसर राहतं. एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते खरी, पण वळीव संध्याकाळी येतो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांत गावातली सगळी कामाची पोरं अडकलेली असतात. १ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवस टाळा. त्या दिवशी एका बाजूला कन्नड राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन असतो, आणि कुठल्याही बोर्डाकडं लोक वेगळ्याच नजरेनं बघतात. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरतं तेव्हा पोलीस, हॉटेलं, मंडप, जनरेटर, सगळं तिकडं गेलेलं असतं. राहता राहिले जानेवारी आणि फेब्रुवारी. हवा कोरडी, सुगी झालेली, खेड्यातली माणसं शहरात येऊ शकतात.

तयारीला सहा महिने धरा. त्यातले चार महिने नुसतं घरोघरी फिरण्यात जातात, आणि तेच खरं काम.

जागेबद्दल एवढंच की देवळाचा, मशिदीचा किंवा चर्चचा हॉल फुकट मिळाला तरी नको. शाळा किंवा वाचनालय बरं. पहिला मजला असेल तर आज्ज्या वर चढणार नाहीत, आणि ज्यांच्या वस्तू मांडल्या त्याच आल्या नाहीत तर उपयोग काय?

सात-आठ माणसं

समिती मोठी केली की प्रत्येक समाजाचा एक प्रतिनिधी घ्यावा लागतो, आणि प्रतिनिधी म्हणजे बहुतेक वेळा त्या समाजाचा पुढारी. पुढाऱ्याला वस्तूंपेक्षा उद्घाटनाच्या पत्रिकेत रस. म्हणून सात-आठ माणसांचा गट करा आणि त्यात ही कौशल्यं बघून घ्या: उत्तम कन्नड आणि उत्तम मराठी लिहिणारं प्रत्येकी एक, उर्दू वाचणारं एक, मोडी वाचता येणारं एक (नसेल तर शोधा, जुने जमिनीचे आणि घरगुती कागद मोडीत निघतातच), फोटो-रेकॉर्डिंग जमणारी दोन पोरं, हिशेब ठेवणारी एक व्यक्ती, आणि एक सुतार. निम्म्या बाया असू द्यात. स्वयंपाकघरात, माजघरात, ट्रंकेच्या तळाशी काय आहे ते पुरुषांना दाखवलं जात नाही.

सुतार आणि दिवेवाले शोधायला लांब जाऊ नका. चित्ररथ आणि गणपतीचे देखावे करणारी मंडळं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. वजनदार वस्तू हलणार नाही अशी कशी बसवायची, वायर कुठून न्यायची, गर्दी कशी वळवायची, हे त्यांना पुस्तकातून शिकायला लागत नाही. फक्त त्यांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते: इथं लुकलुकणारे दिवे नकोत.

काय मांडायचं

साठ वस्तू पुरेत. दोनशे जमवाल तर लेबलं चुकतील आणि परत करताना घोळ होईल. त्या साठ वस्तू आठ-दहा गोष्टींभोवती बांधा. आमच्या उपयोगी पडलेल्या काही सांगतो.

जातं. हॉलच्या मधोमध एक जुनं दगडी जातं ठेवलं. एका बाजूला मराठी ओव्या, दुसऱ्या बाजूला कन्नडमधली बीसोकल्लिन पदं, म्हणजे जात्यावरचीच गाणी. दोन्ही गावातल्याच बायांच्या आवाजात. हेडफोन दोन होते, त्यामुळं दोन बाया समोरासमोर बसून ऐकायच्या, जात्यावर बसल्यासारख्याच. एकीनं कन्नड पद ऐकून मान वर केली आणि म्हणाली, "अगं, ही पण माहेरचंच गाऱ्हाणं घालत्येय." तिला कन्नड येत होतं, पण हे पद तिनं कधी ऐकलं नव्हतं. गाणी शेजारीशेजारी असूनही वेगळी राहिली होती. आमच्या सगळ्या बोर्डांनी जे सांगायचं ते त्या दगडानं सांगितलं.

साडी. शहापूर-वडगावच्या मागावरची एक साडी घ्या आणि तिच्यासोबत धोटा, फणी, कांड्या भरायचा चरखा. कांड्या घरातल्या बायका-पोरं भरतात, माग पुरुष चालवतो, साडी व्यापारी नेतो, आणि ती नेसते ती कुठल्यातरी चौथ्याच घरातली. प्रत्येक टप्प्यावर एक फोटो, एक नाव, एक वाक्य. नाव छापायला लेखी परवानगी घ्या.

चप्पल. कोल्हापुरी म्हणून जगभर जाते तिचा मोठा हिस्सा अथणी-निपाणीकडं होतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले. बेळगाव त्यात आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावणारा, कातडं कापणारा, वेणी गुंफणारी बाई, बाजाराला नेणारा, आणि उसाच्या फडात ती घालून चालणारा. इथं एक खबरदारी: कातडं कमावणं आणि चपला शिवणं या कामांना जो कमीपणा चिकटवला गेला तो लेबलात झाकू नका आणि रंगवूही नका. कारागिरालाच विचारा, काय लिहू? आमच्याकडं एकांनी सांगितलं, "हत्यारांची नावं लिहा. रापी, आरी, ठोका. बाकीचं लोकांना माहीत आहे." आम्ही तेवढंच लिहिलं.

बिडीचं सूप. निपाणीच्या एका घरात मिळालेलं हे सूप मी अजून विसरलेलो नाही. एका कडेला बांबूच्या कामट्या झिजून गुळगुळीत झालेल्या, कारण तिथं तीस वर्षं मनगट टेकलेलं. मधे तंबाखूचा तपकिरी डाग, धुतला तरी न गेलेला. त्यासोबत कात्री, पान कापायचा पत्र्याचा साचा, दोऱ्याचं रीळ. पान मध्य भारताकडच्या जंगलातून येतं, तंबाखू इथल्या शेतातली, वळणाऱ्या बाया हिंदू-मुस्लिम दोन्ही, आणि मजुरी हजार बिड्यांमागं. या एका सुपाशेजारी १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातलं एखादं पत्रक, एखादा फोटो ठेवता येतो. शेतकरी आणि बिडी कामगार बाई, दोघांच्या पोटाचा प्रश्न एकाच पानात गुंडाळलेला आहे.

खानापूरची माती. कौलं, मडकी, रांजण. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था खानापुरात आहे, तिथं जाऊन या. एक फुटलेलं कौल, मागचा शिक्का दिसेल असं उलटं ठेवा. फुटक्या वस्तू मांडायला लाजू नका.

मग एक नकाशा. हा स्वतः काढून घ्या, मोठा, सहा बाय आठ फुटांचा. १९४७ च्या आधी हा मुलूख म्हणजे गोधडी होती. बेळगाव शहर इंग्रजी मुलखात, तर चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. रायबाग कोल्हापूर संस्थानाचं. रामदुर्ग स्वतःच एक संस्थान. खानापूरच्या पश्चिमेला घाट उतरला की १९६१ पर्यंत पोर्तुगीज. नकाशावर प्रत्येक राजवटीला वेगळं कापड वापरा, शिलाई दिसू द्या. शाळेची मुलं त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबतात, आणि आपलं गाव कुठल्या तुकड्यात ते शोधतात.

मोठी नावं आणि मोठे प्रसंग आवरा. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि ते आपल्या टिळकवाडीत झालं. अभिमान वाटणारच. पण वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक उभं आहे, तेव्हा खणलेली विहीर आहे, दरवर्षी भाषणं होतात. तुम्ही त्यावर एकच बोर्ड करा आणि त्यात विचारा: विहीर खणणारे हात कुणाचे, स्वयंपाक कुणी केला, पाहुणे कुणाच्या घरी उतरले? लोकांना आपल्या आज्या-पणज्याचं काही आठवत असेल तर लिहायला खाली वही ठेवा. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूर चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा यांचंही तसंच. कित्तूरला सरकारी संग्रहालय आहे, नंदगडला रायण्णांचं स्मारक आहे. त्यांची नक्कल करण्यापेक्षा तिकडं जायची एसटीची वेळ भिंतीवर लावा.

घरोघरी

पहिल्या भेटीत वस्तू मागू नका. चहा घ्या, ऐका, परत या. दुसऱ्या भेटीत फोटो दाखवायला सांगा, लग्नाचा अल्बम निघाला की ट्रंक उघडतेच.

"आज्जी, हे घंगाळ किती जुनं?"

"माझ्या सासूच्या लग्नातलं की रे. हा पोचा बघ, हा माझ्या दिरानं पाडला, विहिरीवर."

हा पोचाच लिहून घ्यायचा. घंगाळं शंभर घरांत आहेत.

वस्तू उसनी घेताना पावती दोन प्रतींत करा आणि पावती घरमालकाला वाचता येईल त्या भाषेत असू द्या. तिच्यात एवढं हवंच: वस्तूचं वर्णन मापासहित, आधीपासून असलेले चरे-पोचे-भोकं, चारही बाजूंचे फोटो घेतल्याची नोंद, परत करायची तारीख, वस्तू कुणाच्या नावावर आली, लेबलावर नाव घालायचं की नाही, आणि फोटो पुढं छापायला परवानगी आहे का. "दिली" आणि "उसनी दिली" यात फरक आहे. एका घरातून घरातल्या मुलानं हौसेनं दिलेली समई त्याच्या आत्यानं तिसऱ्या दिवशी येऊन मागितली, कारण ती तिच्या वाटणीची होती. चूक आमची. तेव्हापासून आम्ही विचारतो, "यावर आणखी कुणाचा हक्क आहे का हो?" प्रश्न अवघड वाटतो, पण एकदा विचारून टाकावा.

क्रमांक सोपा ठेवा: वर्ष, घराचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक. २५.०७.०२ म्हणजे २०२५ सालची, सातव्या घरातली, दुसरी वस्तू. तो वस्तूवर पेनानं लिहायचा नाही. कापडाला पांढऱ्या फितीवर लिहून दोन टाके घालून लावा, भांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, फोटोच्या मागं मऊ शिसपेन्सिलीनं कडेला. तोच क्रमांक वहीत, पावतीवर आणि संगणकातल्या फोटोच्या फाईलला.

आता कायद्याचं. शेतात वीरगळ सापडला, ताम्रपट निघाला, नाणी निघाली असं सांगत लोक येतात. हलशीसारखं कदंबांचं जुनं ठाणं याच मुलखात आहे, तेव्हा निघणारच. घेऊ नका. जमिनीतून निघालेला ठेवा सरकारला कळवावा लागतो, आणि १८७८ चा तो निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि काही प्रकारांची नोंदणी मालकानं केलेली असावी लागते. विचारा, नोंदणी नसेल तर फोटोवर भागवा. वीरगळ जागेवरच राहू द्या, त्याचा मोठा फोटो आणि जागेचं नाव पुरेसं आहे. घरातली तलवार मांडायचा मोह सगळ्यांना होतो. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवल्याशिवाय ती घराबाहेर काढूच नका.

सांभाळणं

पितळ-तांब्याला चिंच लावून चकचकीत करू नका. देणाऱ्या बाईला तसं वाटत असेल तर तिला समजावून सांगा की तो काळपटपणा आम्हाला हवाय. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसणं, एवढीच सफाई.

जुन्या फोटोला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. मी हे दोन्ही पाप केलेलं आहे. एका कुटुंबाचा फोटो फाटला होता, तो मागून टेप लावून "दुरुस्त" केला, आणि दोन उन्हाळ्यांत टेपचा पिवळा डाग पुढच्या बाजूला आजोबांच्या फेट्यापर्यंत आला. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, टिफमध्ये ठेवा, त्याची प्रत छापून मांडा आणि मूळ फोटो त्याच आठवड्यात परत करा. भिंतीवर मूळ फोटो असण्याची गरज क्वचितच असते.

कापड आणि कागदावर प्रकाश मंद हवा, पन्नास लक्सच्या आसपास. मोबाईलवरचं लक्स मोजायचं अॅप अगदी अचूक नसतं पण अंदाज देतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर जाड पडदा लावा. पिवळ्या बल्बची उष्णता नको, एलईडी वापरा. साडी खिळ्यावर टांगू नका, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेला मांजरपाट गुंडाळून त्यावर पसरा. कापडात कसर किंवा घोंगडीत किडे दिसले तर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे अठरा ते वीस अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर आतल्या वस्तूवर दव धरतं. रंगवलेलं लाकूड आणि चामड्याची वाद्यं मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. डांबरगोळ्यांपेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी, तीही वस्तूला न चिकटता.

लेबलं

आपल्याकडचं प्रदर्शन इथं उभं राहतं किंवा पडतं.

बाहेरच्या फलकापासून सुरुवात करा. नामफलकांवर कन्नड साठ टक्के आणि वरच्या भागात असा २०२४ पासूनचा राज्याचा कायदा आहे. तो पाळा, आणि फलकाचा मजकूर छापण्याआधी पालिकेत दाखवून घ्या. उद्घाटनाच्या दिवशी दारात वाद नको. आतल्या लेबलांत मात्र आम्ही क्रम वस्तूवर सोडला. ज्या घरातून वस्तू आली त्या घरची भाषा आधी. साडीच्या लेबलावर मराठी वर आहे, तर शेजारच्या घोंगडीवर कन्नड, बिडीच्या सुपावर उर्दू. लोक भांडायला आले की त्यांना एवढंच सांगायचं, "ज्याचं घर, त्याची भाषा पहिली." आजवर कुणी पुढं ताणलं नाही. सगळ्या भाषांतला टाइप सारख्या उंचीचा ठेवा. लहान अक्षरात छापलेली भाषा वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

कन्नड मजकूर मराठीवरून भाषांतरित करू नका. दोघांना एकाच वस्तूसमोर बसवा आणि ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत लिहावं, मग एकमेकांना वाचून दाखवावं. वेळ लागतो, पण कन्नड वाचक "हे मराठीचं उरलंसुरलं" म्हणत नाही. आणि शब्द सापडतात. अण्णा, अक्का, अडकित्ता हे मराठीत घरचेच झालेले शब्द कन्नडकडून आलेत, हे एका छोट्या पाटीवर लिहिलं होतं. त्या पाटीसमोर सगळ्यात जास्त हशा आणि सगळ्यात जास्त वाद झाले. एक गृहस्थ कन्नडात मराठीहून गेलेल्या शब्दांची यादी दुसऱ्या दिवशी घरून लिहून घेऊन आले. आम्ही ती त्यांच्याच अक्षरात चिकटवली.

लांबी साठ ते ऐंशी शब्द. त्यात वस्तू काय, कुणाची, कशानं झिजली. "आपल्या समृद्ध परंपरेचा वारसा" असलं वाक्य दिसलं की खोडा.

माणसांबद्दलची माहिती शोधताना तुमच्या हाती १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर येईल. मोठा खजिना आहे. शेती, बाजार, पिकं, रस्ते, मापं, सगळं बारकाईनं. पण त्यातली जातीजातींची वर्णनं तशीच्या तशी उचलू नका. साहेबाच्या नजरेत कुणी आळशी, कुणी लबाड, कुणी जन्मजात गुन्हेगार. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायद्यातून गेला १९५२ साली, पण लोकांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. त्या घरांतल्या माणसांना लेबल आधी वाचायला द्या. ज्या नावानं ते स्वतःला ओळखतात तेच छापा. नावात खालचा-वरचा स्वर लागला तर कानाला कळतो, छापलेल्या कागदावर कळायला त्याच समाजातलं माणूस लागतं.

काही वस्तू काचेत ठेवू नयेत. यल्लम्माचा जग (डोक्यावर वाहायचा देवीचा मुखवटा), चौंडकं (तिच्या गाण्यांचं तंतुवाद्य), दर्शनाची मोत्यांची माळ, हे देवीचं आहे असं मानणाऱ्याला कपाटात बंद केलेलं बघवत नाही. जोगतिणीच्या आयुष्यावर प्रदर्शनात बोलायचंच असेल, आणि सौंदत्तीच्या मुलखात ते टाळणंही बरं नाही, तर तिच्या तोंडून बोला, तिच्या अटीवर. देवदासी समर्पणाला बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८२ सालीच झाला. ज्या बाया त्यातून गेल्या त्यांच्यापैकी एकीला आवाज द्यायचा असेल तर चेहरा न दाखवता, नाव बदलून, आणि उद्घाटनाला पुढच्या खुर्चीवर बसायचा आग्रह न करता. आम्ही एकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रेकॉर्ड करा, पण माझ्या मुलाच्या गावात लावू नका." तिचं रेकॉर्डिंग आमच्याकडं आहे आणि ते कुठंच लावलेलं नाही.

१९५६ चा फलक

हा वगळला तर लोक विचारतात, मांडला तर कुणीतरी रागावतं. आम्ही घोषणा आणि झेंडे बाहेर ठेवले आणि फक्त कागद मांडले. माझ्या घरातलीच तीन प्रमाणपत्रं होती. वडलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुंबई राज्य. काकांच्या दाखल्यावर म्हैसूर राज्य. माझ्या दाखल्यावर कर्नाटक. घर एकच, उंबरा एकच. खाली तारखा: १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला, चंदगड तालुका मात्र मुंबईतच राहिला. १९६६ ला सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला. १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ ला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. विशेषण एकही नाही. ज्यांच्या घरात लाठीमाराची, तुरुंगाची आठवण आहे त्यांना हा फलक फिका वाटतो, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. त्यांच्यासाठी आवाजाचा वेगळा कोपरा ठेवला, मराठी आणि कन्नड दोन्हीकडच्या माणसांच्या आठवणी, कुणाच्याही बोलण्यावर टीप न लावता. हा फलक छापण्याआधी दोन्ही भाषांच्या दोन-दोन जाणत्या माणसांना वाचायला द्या, आणि तारखा दोनदा तपासा. इथं चुकीच्या तारखेला माफी नाही.

मांडणी आणि माणसं

बोर्डाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली यावा. वाट चार फूट रुंद ठेवा, चाकाची खुर्ची फिरली पाहिजे. बसायला बाकं ठेवा, आमच्याकडं येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे. फ्लेक्स नको, सनबोर्डावर किंवा कापडावर छापा. पैशांचं म्हणाल तर आमचा सगळ्यात जास्त खर्च दिव्यांवर आणि रात्रीच्या राखणदारावर होतो, छपाई त्यामानानं स्वस्त. आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे ना ते हॉलवाल्याला विचारू नका, स्वतः तारीख बघा.

उद्घाटनाला मंत्री बोलावू नका असं म्हणणार नाही, पण बोलावलात तर सगळा वेळ त्यातच जातो. आम्ही एकदा वस्तू देणाऱ्या सगळ्यांत वयानं मोठ्या दोघींकडून पडदा सरकवून घेतला. एक मराठी, एक कन्नड. त्या दोघी आधी एकमेकींना ओळखत नव्हत्या आणि नंतर बाकावर बसून दुपारभर गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या.

प्रत्येक गोष्टीपाशी एक स्वयंसेवक असावा, कॉलेजची पोरं चालतात, पण त्यांना पाठ केलेलं बोलायला लावू नका. प्रेक्षकाला विचारायचं, "तुमच्या घरात असं होतं का?" आणि उत्तर वहीत उतरवून घ्यायचं. पुढच्या प्रदर्शनाच्या निम्म्या वस्तू याच वहीतून येतात.

बेळगावच्या किल्ल्याची फेरी जोडून ठेवता आली तर उत्तम. एकाच तटाच्या आत रट्टांच्या काळातली, १२०४ ची कमलबस्ती (जैन मंदिर), आदिलशाहीतली साफा मशीद, दारापाशी दुर्गामातेचं देऊळ, आणि रामकृष्ण आश्रम. दोन तासांची चाल होते. बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ड्रोन उडवायचा विचारही करू नका. फेरी सकाळी काढा आणि नाष्ट्याला परत या.

परत करणं

शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि इथंच नाव जातं. परत करायला मांडण्याइतकीच माणसं ठेवा. प्रत्येक घरी वस्तू स्वतः घेऊन जा, पावतीवरचे फोटो शेजारी धरून चारही बाजू दाखवा, सही घ्या, आणि स्कॅन केलेल्या फोटोंची एक छापील प्रत भेट म्हणून द्या. एखाद्या वस्तूला आपल्याकडं चरा पडला असेल तर आधी तुम्हीच सांगा.

घंगाळ घेऊन गेलो तेव्हा आज्जीनं ते दारातच उलटं करून बघितलं. पोच्यावरून बोट फिरवलं, मग आत हाक मारली, "दिरोबा, तुमचा पोचा परत आला बघा." मग मला म्हणाली, "सही कुठं करू रे? आणि चहा घेऊनच जा."